काका, गोडाऊनचं काम हलकं नाही, आणि बीकॉमवाल्यांना परकं तर अजिबातच नाही

काका, तुम्ही चिडून लिहिलंय, पण काळजी पोरीचीच आहे हे कळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की बीकॉम झालेल्या मुलीला "आधी दोन वर्षं नोकरी कर, मग सप्लाय चेनचं एमबीए कर" असं मी सांगणं म्हणजे तिची दोन वर्षं फुकट घालवणं, सप्लाय चेन (कच्च्या मालापासून गिऱ्हाईकापर्यंत माल पोचवायची सगळी व्यवस्था) म्हणजे शेवटी गोडाऊन सांभाळणं, ते इंजिनिअर पोरांचं काम, त्यापेक्षा तिनं आत्ताच फायनान्स घ्यावं.

आधी गोडाऊनचं बोलू. चाकणच्या कुठल्याही गाडीच्या प्लांटला सकाळी मटेरियल प्लॅनिंगवाल्यांच्या टेबलाशी उभं राहून बघा. हातात शॉर्टेज लिस्ट, म्हणजे कमी पडणाऱ्या पार्टची यादी, एक फोन कानाला, दुसरा वाजतोय, व्हेंडरचा टेम्पो तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला, आणि लाइनवर एका साध्या ब्रॅकेटचा दोन तासांचाच स्टॉक उरलाय. तो ब्रॅकेट काही फार महाग नसतो हो, पण तो नसला तर लाखो रुपयांची गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी दुसरं मॉडेल आधी लाइनवर घ्यायचं की माल दुसऱ्या रस्त्यानं फिरवायचा, हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं, आणि ठरवणारी माणसं पंचविशी-तिशीतली असतात. या कामाला मी हलकं म्हणू देणार नाही.

आता बीकॉमचं. गोडाऊनमध्ये पडलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल, हे तुमच्या मुलीला इंजिनिअरपेक्षा लवकर कळेल. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला त्याआधी दुसऱ्या राज्यात थेट माल विकला की सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, लागायचा, तो वाचवायला कंपन्या राज्याराज्यात डेपो ठेवायच्या आणि तिथून विकायच्या. म्हणजे गोडाऊन कुठे असावं हे गिऱ्हाईक कुठे आहे यापेक्षा टॅक्स कुठे वाचतो यावर ठरायचं. जीएसटीनं ते कारणच गेलं, मग किती डेपो बंद करायचे, मोठं गोडाऊन कुठे घ्यायचं, वाहतुकीचा खर्च वाढून भाडं आणि स्टॉक किती वाचेल, ही सगळी गणितं नव्यानं मांडावी लागली. हे फायनान्सच आहे ना काका? फक्त इथे ट्रक आणि रॅक डोळ्यांसमोर असतात.

दोन वर्षांच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीला ठेवलेला जादा माल), रीऑर्डर लेव्हल (माल किती उरला की नवी ऑर्डर द्यायची) हे वर्गात सूत्र म्हणून पाठ होतं, पण शॉर्टेज अंगावर घेतलेल्या पोरीला ते सूत्र कुठे फसतं तेही माहीत असतं, आणि इंटरव्ह्यूला नेमकं तेच विचारतात. तरी लग्नाचं वय, घरची घाई, हे तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे, पुण्यात राहून ते मलाही दिसतं. थांबणं शक्यच नसेल तर आत्ता साधं एमबीए करू दे, दुसऱ्या वर्षी ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेनचं स्पेशलायझेशन घेऊ दे, आणि मधल्या समर इंटर्नशिपला मार्केट सर्व्हे नको, प्लांट किंवा वेअरहाउसच मागून घे म्हणावं. कॉलेज बेताचं आणि डिग्रीच्या नावात मात्र सप्लाय चेन, असलं काही कामाचा अनुभव नसताना घेऊ नका. पवईची निटी ही नामांकित मॅनेजमेंट संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालं, तसल्या ठिकाणी नंबर लागत असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल जावं.

तुम्ही बघितलेल्या कॉलेजचं अ‍ॅव्हरेज पॅकेज लिहिलंय. अ‍ॅव्हरेज बघूच नका. दहा मुलांपैकी नऊ जणांना 5 लाख आणि एकाला 35 लाख मिळाले तर अ‍ॅव्हरेज 8 येतं, आणि 8 लाख तर कुणालाच मिळालेले नसतात! मीडियन बघा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो तो आकडा, इथे ते 5 आहे. एनआयआरएफला, म्हणजे कॉलेजांच्या सरकारी रँकिंगला, कॉलेजं जी माहिती देतात त्यात मीडियन पगार आणि किती मुलं प्लेस झाली हे दोन्ही असतं, वेबसाइटवर ती फाइल सापडते. नाही सापडली तर अ‍ॅडमिशनच्या टेबलवर तोंडावर मागायची, लाजायचं नाही.

आणि फीचं. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, सीट घ्या. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्यूशन फी माफ आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ती सवलत नाही. कोट्यासाठी कर्ज काढायचा विचार लिहिलाय तुम्ही, तो कृपा करून थांबवा, आणि उत्पन्नाचा दाखला या आठवड्यातच काढायला टाका, ऐन अ‍ॅडमिशनच्या वेळी तहसीलला गर्दी होते.