सिगारेट न सोडण्याविषयी काही मोलाचा सल्ला

सिगारेट सोडा असे सांगणाऱ्यांची मुंबईत कधीच वानवा नव्हती. वानवा आहे ती सिगारेट नेटाने चालू ठेवण्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्यांची. डॉक्टर, पत्नी, विम्याचा अर्ज आणि चित्रपटगृहातला पडदा हे सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, अशी ही विषम लढाई आहे. अशा एकांड्या शिलेदाराच्या हाती निदान कारणे तरी धारदार असावीत, एवढ्याच सद्हेतूने हा लेखनप्रपंच.

सर्वांत भक्कम कारण म्हणजे मुंबईची हवा. ‘या शहरात नुसता श्वास घेतला तरी सिगारेट ओढल्यासारखेच आहे, मग वर आणखी दोन ओढल्याने काय बिघडणार आहे?’ हे वाक्य लोअर परळच्या एखाद्या टॉवरखाली, टपरीच्या कडेला उभे राहून, एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हातात पेटती सिगारेट धरून उच्चारले की समोरचा हमखास निरुत्तर होतो. तो तसाच निरुत्तर राहावा म्हणून एक गोष्ट मात्र त्याच्यापासून लपवून ठेवावी लागेल. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म लव असते आणि ती अखंड हलत राहून बांधकामांची धूळ, वाहनांची काजळी, जे काही आत येईल ते कफासकट वर घशाकडे ढकलत असते. सिगारेटचा धूर आधी या लवेला लुळे पाडतो आणि पुढे ती नष्ट करतो. थोडक्यात, ज्या शहरात या व्यवस्थेची सर्वाधिक गरज आहे त्याच शहरात आपण ती स्वखर्चाने मोडीत काढतो आणि वर हवेला नावे ठेवतो. सकाळी बेसिनपाशी जी खोकल्याची ढास लागते ती याच उरल्यासुरल्या लवेची करामत असते. रात्रभर धूर न मिळाल्यामुळे ती शुद्धीवर येऊन साफसफाईला लागलेली असते. तिला फार वेळ काम करू देऊ नये. चहाबरोबर पहिली सिगारेट पेटवली की ती पुन्हा गप्प होते, आणि ‘सिगारेटशिवाय माझे सकाळचे गाडे पुढे सरकत नाही’ असे म्हणायला आपण मोकळे होतो.

दादरच्या रेल्वे पुलाचा जिना चढताना लागणाऱ्या धापेचे खापर वयावर फोडावे, आणि वय आड येत नसेल तर गर्दीवर. खरे कारण चारचौघांत सांगण्यासारखे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जी जागा ऑक्सिजनची असते ती धुरातला कार्बन मोनॉक्साइड बळकावतो आणि ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटून बसतो. गिरगावातल्या घरमालकाला पागडीच्या भाडेकरूचा जो अनुभव येतो, तोच आपल्या ऑक्सिजनला रोज येत असतो. इकडे निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती बळावते आणि हृदयाला कमी प्राणवायूवर जास्त काम उपसावे लागते. फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंतींचे तर असे आहे की त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उभ्या राहत नाहीत. पुढे डॉक्टर ‘सीओपीडी’ (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट विकार) अशी चार अक्षरे लिहून देतात आणि जिन्यातल्या प्रत्येक वळणावर थांबणे नित्याचे होते. म्हणून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या धूम्रपानप्रेमींनी इमारतीच्या पुनर्विकासाचा पाठपुरावा आजपासूनच करावा. लिफ्ट लागेल.

‘मी दिवसाला एकच ओढतो’ हे कारण सुसंस्कृत माणसाला विशेष शोभून दिसते. वीसऐवजी एक ओढली म्हणजे धोकाही विसाव्या हिश्श्यावर आला, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. दुर्दैवाने २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने त्यात खोडा घातला. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत, वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा जो वाढीव धोका असतो, त्यातला जवळजवळ निम्मा धोका एकच ओढणाऱ्यालाही चिकटतो, असे त्यात आढळले. एकोणीस सोडायच्या आणि सूट निम्मीच मिळवायची, असला व्यवहार भुलेश्वरात कोणी ऐकून घेणार नाही. यातून कोणी ‘मग शेवटचीही सोडावी’ असा उतावीळ निष्कर्ष काढील. आपण तो विषयच काढू नये.

नव्वद वर्षे बिडी ओढून ठणठणीत राहिलेले कोकणातले आजोबा प्रत्येक घरात एक तरी असतातच, आणि नसतील तर शेजारच्यांचे उसने घ्यावेत. पन्नाशीत गेलेल्या काकांचा उल्लेख टाळावा. ते हार घातलेल्या फोटोत असल्यामुळे आक्षेप घेणार नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात बिडी ओढणारे पुरुष सरासरी सुमारे सहा वर्षांना, बिडी ओढणाऱ्या स्त्रिया आठ वर्षांना आणि सिगारेट ओढणारे पुरुष दहा वर्षांना मुकतात. सिगारेट ही बिडीपेक्षा वरच्या दर्जाची असते, असे मानणाऱ्या मंडळींनी या आकड्यांकडे अभिमानाने पाहावे. क्षयाने मरण्याचा धोकाही धूम्रपानाने वाढतो असे तोच अभ्यास सांगतो, पण शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आपल्या वाटेवर येत नाही, तेव्हा तो भाग सोडून द्यावा.

ताणाचे कारण थोडक्यात आटोपतो. दोन सिगारेटींच्या मध्ये रक्तातले निकोटीन उतरू लागते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि पुढची सिगारेट नेमकी तीच चिडचिड शमवते. ऑफिसचा ताण होता तसाच राहतो. ही बाब साहेबांच्या लक्षात येऊ देऊ नये, नाहीतर खाली जाण्याची परवानगी बंद होईल.

घरच्यांच्या बाबतीत आपला उदारपणा वाखाणण्याजोगा असतो, कारण त्यांच्याकडून एक पैसाही न घेता आपण त्यांना वाटा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ८० लाखांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे १३ लाख स्वतः कधी ओढत नव्हती. ती फक्त जवळपास होती. वन रूम किचनमध्ये सगळेच जवळपास असतात. ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ असे म्हणून समाधान मानावे, दाराच्या फटीतून धूर आत येतो याकडे कानाडोळा करावा आणि लगेच त्याच शर्टाने बाळाला उचलून घ्यावे. बाळाला न्यूमोनिया, दमा आणि कानाचे विकार होण्याचा धोका वाढतो, पण त्याचा दोष पावसाळ्याला देण्याची सोय आहेच.

परळला काही काम निघाले तर डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाने जाऊ नये. तेथे १९४१ सालापासून टाटा मेमोरियल रुग्णालय उभे आहे आणि पदपथावर, प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाइल उराशी धरून बसलेली, देशभरातून आलेली माणसे दिसतात. त्यांच्याकडे पाहून उगाच विचारांना चालना मिळते. धुरातल्या सात हजारांहून अधिक रसायनांपैकी किमान ६९ कर्करोगकारक आहेत. फुप्फुस, स्वरयंत्र आणि अन्ननलिका ही नावे आपण ऐकलेली असतात, परंतु मूत्राशयाचे नाव ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. त्यात आश्चर्य कसले? रक्तात गेलेली विषे मूत्रपिंडे गाळतात आणि ती बाहेर पडेपर्यंत मूत्राशयातच साठून राहतात. शरीराने प्रामाणिकपणे केलेल्या कामाचे हे फळ.

सोडायचीच असेल तर दिवाळीनंतर सोडावी, ते जमले नाही तर ३१ डिसेंबरला, आणि मग मुलाची दहावी संपल्यावर. येथे घाईने मोठा घोटाळा होऊ शकतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासात असे दिसले की तिशीत सोडणाऱ्याला गमावण्याच्या बेतात असलेली जवळपास दहाही वर्षे परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. एवढी वर्षे एकदम हातात आली तर मुंबईतल्या जागांचे भाव पाहता त्यांचे करायचे काय, हा प्रश्नच आहे. शिवाय सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, म्हणजे तक्रारीलाही जागा उरत नाही.

खरेदीतही शिस्त हवी. पाकीट कधीही विकत घेऊ नये. त्याच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि त्यातच १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो. दिवसातून दहा वेळा खिशातून बाहेर येणारी अशी वस्तू एखाद्या बेसावध क्षणी फोन लावायला भाग पाडू शकते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली खरी, परंतु टपरीवर ‘एक दे’ म्हटले की आजही एकच मिळते. ती काढून देताना पाकीट टपरीवाल्याच्या हातातच राहते, आपल्या वाट्याला सुतळीने बांधलेला लायटर येतो, आणि चित्र, इशारा व क्रमांक हे सगळे फळीच्या पलीकडे राहते. सुट्या सिगारेटीला रुपया-दोन रुपये जास्त पडतात; ते कुरकुर न करता द्यावेत.