तारखा नसलेली वहीच टिकते

प्लॅनर कसा निवडायचा यावरच्या लेखात म्हटलंय आधी डिझाइन बघा, मला नाही पटत, आधी साइज बघा! माझा ए४ प्लॅनर टेबलावरच पडून राहायचा, मग पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून साधी ए५ वही आणली, पर्समध्ये मावते, बसमध्ये पण लिहिता येतं. तारखा छापलेल्या डायरीत गणपतीचे दहा दिवस कोरे गेले की पुढे हात लावावासाच वाटत नाही, बुलेट जर्नलमध्ये, म्हणजे कोऱ्या वहीत कामांच्या छोट्या नोंदी करायच्या पद्धतीत, तारीख आपणच टाकतो. रायडर कॅरोलने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांसमोर आणली, त्यातलं खरं काम म्हणजे महिना संपला की राहिलेली कामं हाताने पुढे उतरवायची, आणि जे परत लिहावंसं वाटत नाही ते सरळ खोडायचं. आणि प्लीज तीन महिने तरी सिस्टिम बदलू नका, माझा हात दुसऱ्या महिन्यानंतर कुठे बसला.