इतिहास वळवा, पण दाणागोट्याचं बोलू नका

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्या माणसाला दुसऱ्या कालरेषेची ओढ लागणारच. त्यामुळे पर्यायी इतिहासाची वेब सिरीज लिहायला तुम्ही अगदी योग्य ठिकाणी राहता. फक्त थोडी पथ्यं पाळा.

घटना एकच बदला, बाकीचं आपोआप घडू द्या. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकवा. झालं, मराठे जिंकले! डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटी लढायला बाहेर पडली, असलं काही काढायचं नाही. गोळी हुकल्यानं घोड्यांना चंदी कुठून मिळाली, असं विचारणारा प्रेक्षक तसाही दुसऱ्याच्या पासवर्डवर बघत असतो.

विलायती आदर्श हवा तर ‘द मॅन इन द हाय कॅसल’ घ्या. त्यात जर्मनी वॉशिंग्टनवर अणुबाँब टाकतो आणि जपान्यांबरोबर अमेरिका वाटून घेतो. खऱ्या जर्मनीनं १९४० साली इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी नद्या-कालव्यांतल्या मालवाहू होड्या गोळा केल्या होत्या. अंतर जेमतेम ३४ किलोमीटर, तरी बेत बारगळलाच. पुढच्या वर्षी रशियात शिरताना बरोबर सहा लाखांवर घोडे. आणि जपानचं बहुतांश तेल, हो, अमेरिकेतूनच यायचं. पण पटकथेत अटलांटिक दोन प्रसंगांच्या मधे मावतो. वाशीच्या खाडीवर तिसरा पूल होईपर्यंत किती पावसाळे गेले हे पाहिलेल्यांनी तरी यावर भाबडेपणानं विश्वास ठेवावा.

‘फॉर ऑल मॅनकाइंड’पासून मात्र चार हात लांब राहा. तिथे रशियन आधी चंद्रावर उतरतात, मग त्यांची एक बाई उतरते, म्हणून अमेरिकेला बायकांना अंतराळवीर करायची घाई होते. म्हणजे एकातून दुसरं निघतं. ही सवय लागली की लिखाण फार वेळ खातं.

घरचाच विषय सुचवतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतलाच नाही! आजही वर पोर्तुगीज निशाण, तलावपाळीवर झेपेलिन, म्हणजे ते अवाढव्य हवाई जहाज (झेपेलिनशिवाय कालरेषा बदलल्याचं कळत नाही). मुंबई आंदण मिळालेले इंग्रज खाडीपलीकडे इतकी वर्षं काय करत बसले, हे विचारू नका. त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात हेच ठाणं मराठ्यांकडून घेतलं होतं. किल्ल्यात सध्या मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे सेटचा खर्च वाचेल. चित्रीकरणाची परवानगी नाही मिळाली, तर आत जायचे इतर मार्ग आहेतच.

राजकारण म्हणजे लांबलचक टेबल आणि टोकाला एक क्रूर राज्यपाल. त्याच्याकडे अर्थसंकल्प नको, नाराज गट नको. जून २०२२ मधले आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, तसलं काही लिहाल तर निर्माता ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवेल.

सगळं फारच गुंतलं, तर नायकाला रणगाड्यासकट आपल्या कालरेषेत सोडा. संध्याकाळी सातला, ठाणे स्टेशनात. कोणी दचकणार नाही. फक्त मागून आवाज येईल, ‘‘ओ भाऊ, आत सरका की!’’