ताफा जाईपर्यंत

मागच्या महिन्यात रावेर तालुक्यातल्या आमच्या नानांना पोलिसांनी सकाळी सातलाच घरून नेलं. मंत्र्यांचा दौरा होता. नाना केळीचे शेतकरी, विरोधी पक्षाचे जुने कार्यकर्ते. काळे झेंडे दाखवतील म्हणून आदल्या रात्रीच नोटीस आलेली, गुन्हा घडण्याआधीच रोखायला पोलीस देतात ती. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात ती कलम १६८ ची झाली, तरी गावात तिला अजून ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात. ठाण्यात दोनदा चहा पाजला आणि ताफा गेल्यावर सोडलं.

घरच्या ग्रुपवर पुतण्यानं मला लिहिलं, “काका, तुमच्या सिंगापुरात तर एवढंही चालत नाही. म्हणून तर ते पुढे गेले.”

पहिलं वाक्य खरं आहे. इथे एकट्यानं फलक घेऊन उभं राहायचं तरी परवाना लागतो. हसऱ्या चेहऱ्याचं चित्र असलेला पुठ्ठा हातात धरला म्हणून एका कार्यकर्त्यावर २०२० मध्ये आरोप ठेवले गेले. होंग लिम पार्कात २००० पासून भाषणांसाठी जागा राखून ठेवली आहे, पण तिथल्या सभेत माझ्यासारख्या परदेशी माणसाला विनापरवाना नुसतं उभंही राहता येत नाही. गर्दी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथनं जातो. आता तर गावी फोन लावला आणि राजकारण निघालं की माझा आवाज आपोआप खाली येतो. याचं मला फार वाईट वाटतं. पुतण्याच्या दुसऱ्या वाक्याला मात्र माझा ठाम नकार आहे. इथली बस वेळेवर येते ती चोख कारभारामुळे. त्यासाठी कुणाला गप्प बसवावं लागत नाही.

आपल्या घटनेतल्या कलम १९(२) मधले भाषणस्वातंत्र्यावरचे वाजवी निर्बंध हवेतच. कुणी दगड उचलला, दंगलीची चिथावणी दिली, तर गुन्हा नोंदवा, कोर्टात उभं करा. पण काय करेल याच्या अंदाजावर माणूस ठाण्यात बसवून ठेवणं ही सेन्सॉरशिपच आहे, आणि ती कुठल्या बातमीतही दिसत नाही. नानांच्या शेतापासून फैजपूर जवळच. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात तिथे शेतसारा कमी करण्याची मागणी झाली, तीही इंग्रजांच्या राज्यात, उघड्यावर.

नानांकडे त्या दिवशी झेंडा नव्हताच. केळीच्या पीकविम्याचे पैसे कुठे अडकले, एवढं विचारणारं निवेदन खिशात होतं. परवा फोनवर त्याचं विचारलं.

“आहे भो अजून. सदरा धुवायला टाकताना तुझ्या वहिनीनं काढून ठेवलं.”