पावसाळी ट्रेकच्या बुटांबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

जून लागला की 'पावसाळी ट्रेकसाठी बूट कसे निवडाल' हा मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या बहिणीपर्यंत पोचला आणि भाच्याच्या पहिल्या ट्रेकसाठी ती ८-९ हजारांचे बूट घ्यायला निघाली. मेसेज म्हणतो: बूट वॉटरप्रूफच घ्या, कोरडा पाय घसरत नाही. ओढा लागला तर बूट काढून अनवाणी पार करा. जड बूट जास्त टिकतात. तळाची नक्षी खोल असली की कातळावरही पकड मिळते. बूट घट्टच घ्या, वापरून सैल होतात. आणि ट्रेकपुरतेच वापरून पिशवीत बांधून ठेवले, तर १० वर्षं जातात.

आधी ओढ्याचं बोलू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर जाताना पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, खालचे गोटे शेवाळलेले आणि हलते. अशा पाण्यात अनवाणी उतरायचं, तेही हातात बूट धरून? तळव्याला दगड टोचला की पाय झटकन उचलला जातो, तिथेच तोल जातो आणि सावरायला हात मोकळा नसतो. जोर असेल तर गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला ओढून नेतं. ओढा बूट घालूनच पार करायचा. पाण्याला ओढ जास्त वाटली तर सरळ मागे फिरायचं. बूट कोरडे राहावेत म्हणून पोरांना अनवाणी पाण्यात उतरवणारा सल्ला लोक न वाचता पुढे ढकलतात, याचा मला खरंच राग येतो.

आता वॉटरप्रूफ. या बुटांच्या अस्तरात एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत घाटमाथ्यावर, ढगात चालताना ती कुठून मिळणार? शिवाय बूट वरून उघडाच असतो. पाऊस पायावरून ओघळत मोज्यात उतरतो आणि एकदा आत गेलेलं पाणी तोच पडदा अडवून धरतो. मग पावलागणिक पचपच, तळव्याची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली, टाचेला फोड. जाळीच्या बुटातून तेच पाणी थोडं चाललं की निघून जातं. आणि कोरड्या पायाचा पकडीशी संबंध काय? दगडावर टेकतो तो बुटाचा तळ.

हिमालयात बर्फातून चालायचं असेल तर वॉटरप्रूफ बूट हवेत, हे मान्य. तिथे ओल्या पायाला हिमदंश होऊ शकतो. हा मेसेज मात्र सह्याद्रीतल्या पावसासाठी फिरतोय.

वजनाबद्दल फार बोलायला नको. १९६९ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या सोल आणि गोल्डमन यांनी ओझ्यानुसार चालण्याला किती ऊर्जा लागते ते मोजलं. पायावरच्या ओझ्याला अंगावरच्या तेवढ्याच ओझ्याच्या साधारण ४ ते ६ पट जास्त ऊर्जा लागते, असं त्यांना दिसलं. म्हणजे जोडीमागे अर्धा किलो जास्त असेल, तर पाठीवर २-३ किलो वाढवल्यासारखं.

नक्षीचं म्हणणं अर्धं खरं आहे. चिखलात आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, खोल नक्षी कामाला येते. ओल्या कातळावर मात्र रबर किती मऊ आहे, यावर सगळं ठरतं. राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाज्यानं चढताना रेलिंगच्या कातळटप्प्यावर हे लगेच कळतं: कडक तळ नुसता टेकतो आणि सरकतो, मऊ रबर दगडाच्या खरबरीत अंगावर दबून बसतं. दुकानात तळावर नख दाबून बघा. खूण उमटून भरून आली तर घ्यायला हरकत नाही. ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज इथे इतकी वर्षं चालतात ते याच पकडीमुळे. मऊ रबर लवकर झिजतं, तेवढं सोसावं लागतं. शेवाळावर मात्र कुठल्याच तळाचा भरवसा धरू नका.

पिशवीत बांधून ठेवण्याचा सल्ला तर बूट मारणाराच आहे. बऱ्याच बुटांच्या तळाचा मधला थर पॉलीयुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. दमट हवेत तो ओलावा शोषतो आणि नुसता पडून असला तरी आतून कुजत जातो. मग वरून नवा दिसणारा बूट उतारावर तळ सोडतो. बूट अधूनमधून वापरत राहा, उघड्यावर ठेवा आणि ट्रेकआधी तळ वाकवून भेगा बघा.

घट्ट बुटांनी उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. भिजलेले बूट चुलीजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा.