दिलेला स्टार काढून घेऊ नका

आज एका चौथीच्या वर्गात भिंतीवरचा स्टार चार्ट पाहिला आणि डोकंच सणकलं. वर रंगीत अक्षरांत 'शहाणी मुलं', खाली नावं, नावांपुढे चौकोन, चौकोनांत सोनेरी स्टार. इथपर्यंत छान. पण खालून तिसऱ्या ओळीत स्टारच नव्हते, स्टार उपटल्याच्या खुणा होत्या. गोंदाचे डाग, त्यावर बसलेली धूळ, एका ठिकाणी तर नखाने खरवडताना कागदाचा पापुद्राच निघालेला. मोजल्या. सात खुणा. म्हणजे त्या पोराने सात वेळा काहीतरी चांगलं केलं, आणि सातही वेळा ते रद्द झालं.

अहो, कमावलेलं काढून घ्यायचं नसतं! सकाळी कुणी न सांगता त्याने फळा पुसला, स्टार मिळाला. दुपारी मारामारी केली, स्टार गेला. मग सकाळी फळा पुसलाच नव्हता का? मारामारीचं जे व्हायचं ते वेगळं होऊ द्या. जागा बदला, सुट्टीतली दहा मिनिटं कापा, ज्याला मारलं त्याचं पडलेलं सामान उचलून द्यायला लावा. ओळ एकदा रिकामी झाली की उरलेला दिवस त्याने कशासाठी नीट वागायचं?

हो, काढून घेण्याचीही रीतसर पद्धत असते आणि ती चालते, ठाऊक आहे. पण त्यात कशाला किती जाणार हे आधी सांगितलेलं असतं, जातं ते मिळण्यापेक्षा बरंच कमी असतं, आणि रागाच्या भरात काहीच जात नाही. तो पापुद्रा रागाने निघालाय. दिसतंच.

आणि ते 'शहाणी मुलं'! शहाणं म्हणजे नेमकं काय केलं की? साधी कसोटी आहे: ज्याचा फोटो काढता येईल तेच वागणं चार्टवर लिहायचं. 'नीट वाग'चा फोटो निघत नाही. 'घंटा झाल्यावर वही-पेन बाहेर' याचा निघतो. 'बोलायच्या आधी हात वर' याचाही निघतो. अशा तीन गोष्टी पुरतात. पाचाच्या वर गेलात तर मुलं सोडा, तुमच्याच लक्षात राहणार नाहीत.

सुरुवात बक्षिसाने नाही, मोजण्याने करायची. तीन-चार दिवस काहीही न बदलता नुसत्या खुणा करा. आठ तासांपैकी दोन तासांत पोरगं हात वर करत असेल, तर पहिलं लक्ष्य तीन. आठ नाही! इथेच बहुतेकांचं फसतं. पहिल्याच दिवशी 'दिवसभर शहाण्यासारखं वागलास तर स्टार', आणि पहिल्याच तासाला चूक झाली की दिवस बुडाला. म्हणून दिवसाचे तुकडे करायचे. तासागणिक चौकोन ठेवला की बिघडलेला तास मागे पडतो, पुढचा कोरा मिळतो.

शाबासकी लगेच हवी. काही सेकंदांत, आणि कशाबद्दल ते सांगून. 'गुड बॉय' हवेत विरतं. 'चिडला होतास, तरी हात न उगारता मला येऊन सांगितलंस' हे राहतं. मोठ्या मुलांना मात्र चारचौघांत नको, बाकाजवळून जाताना हळूच. सातवी-आठवीच्या मुलाचं वर्गासमोर कौतुक म्हणजे त्याला शिक्षाच.

घरच्यांनो, तुम्हीही हसू नका. स्वयंपाकघरातून 'आवर रे' अशी दहा हाका मारायची पद्धत मुलाला एवढंच शिकवते की पहिल्या नऊ हाकांना अर्थ नसतो. जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा, आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजत गप्प उभे राहा. ते गप्प राहणंच सगळ्यात अवघड. शाळेतून वाईट दिवसाची चिठ्ठी आली तर शाळेतली शिक्षा घरी पुन्हा नको, नाहीतर पुढची चिठ्ठी वाटेतच हरवते. चांगल्या दिवसाचं फळ मात्र त्याच संध्याकाळी. 'रविवारी देईन' हा वायदा लहान मुलाला पेलत नाही.

'ही तर लाच झाली' असं कुणीतरी लिहिणारच. रडारड सुरू झाल्यावर ती थांबवायला जे देता ती लाच. आधी ठरवून काम झाल्यावर जे मिळतं तो मोबदला. पण मान्य, बक्षिसाने बिघडतंही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 मधला प्रयोग आहे: आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणं घटलं. तेव्हा मूल जे आपणहून करतंय तिथे स्टार घुसडू नका. आणि सवय बसत आली की स्टार विरळ करत न्या, दर तासाऐवजी दिवसाला, मग अधूनमधून. शब्दांतलं कौतुक तेवढं चालू ठेवा.

लक्ष वेधायला केलेल्या टिवल्याबावल्यांकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत, तर आधीच सांगते, पहिले काही दिवस त्या वाढतात. चौथ्या दिवशी वैतागून ओरडलात तर पोरगं शिकतं की चार दिवस नेट लावावा लागतो. अख्खा वर्ग फिदीफिदी हसत असेल तर एकट्या बाईंच्या दुर्लक्षाने काही होत नाही. आणि मारणं-ढकलणं असेल तर दुर्लक्ष नाहीच, तिथल्या तिथे थांबवायचं.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या चार्टच्या कडेने हाताने काढलेली वेलबुट्टी होती, प्रत्येक नाव वळणदार अक्षरात. कुणीतरी घरी बसून केलंय ते, घरचं सगळं आवरल्यावर. पन्नास मुलांच्या वर्गात दर तासाला पन्नास चौकोन भरणं शक्य नाही, हेही खरं. नका भरू. वर्गाला एकच सामायिक चार्ट पुरे, तासागणिक चौकोन फक्त ज्याला गरज आहे त्या एक-दोघांना. तेही भिंतीवर नको, त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर.

आणि बाई, त्या तिसऱ्या ओळीवर उद्या मुलं यायच्या आधी कोरी पट्टी चिकटवा. डाग झाकले जातील एवढी रुंद. सातही स्टार परत लावा. पोराने विचारलं तर सांगा, हे तुझेच होते.