खुलासा: दाविदाच्या मनात खोट नव्हती

‘दाविदाच्या मनात खोट होती, म्हणून देवाने त्याला मंदिर बांधू दिलं नाही. तुमचंही चांगलं काम अडलं तर स्वतःतली खोट शोधा,’ असा बायबलमधल्या दावीद राजाबद्दलचा मेसेज फिरतोय. मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. चूक माझी, मनापासून माफी मागते.

काल बायबल उघडून बसले. १ राजे ८:१८ प्रमाणे, मंदिराची इच्छा धरलीस हे चांगलं केलंस, असं देवानेच दाविदाला म्हटलं होतं. नकाराचं कारण १ इतिहास २२:८ मध्ये आहे: त्याने मोठ्या लढाया केल्या, पुष्कळ रक्त सांडलं. बांधकाम त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या वाट्याचं होतं. देवाचा निरोप सांगणाऱ्या नाथान संदेष्ट्यानेसुद्धा दाविदाला आधी होकारच दिला होता!

आणि दावीद रुसून बसला नाही. दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड, गंधसरूचं लाकूड जमवलं, आराखडा मुलाच्या हाती दिला. जे मंदिर आपण बांधणार नाही, त्याच्या खिळ्यांचीही काळजी. वाचताना मला भरून आलं.

ज्याचं काम अडलंय, त्याच्या जखमेवर हा मेसेज मीठ चोळतो. कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.